मुकं विरजण

रेणुकाच्या ओट्यावर संध्याकाळी दोन भांडी झाकून ठेवलेली असत. पातेल्यात दही लागायचं आणि शेजारच्या बरणीत केवडा. दही पानात वाढलं जाई, केवडा हाताला चोळला जाई, एवढाच काय तो फरक. निगा दोघांची सारखीच. दूध कोमट हवं, थंडीत बरणीला जुन्या स्वेटरची बाही चढवायची, आणि आदल्या दिवशीचं चमचाभर मागं राखायचं. कागलमधल्या त्या गल्लीतल्या बायका विरजण मागायला रेणुकाकडेच यायच्या, त्यामुळे या विषयात तिला कोणी शिकवायला गेलेलं खपत नसे. तिची नणंद वृषाली बी.एस्सी. झालेली, चिपच्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून कायम झालेली. पण विरजणाचा प्रश्न आला की तीही गुमान बाजूला सरायची.

केवडा हे घरचं नाव. वृषालीच्या कंपनीत त्याला ‘राखण’ म्हणत, आणि ती खरोखरच राखण होती.

तुमच्या-आमच्या कातडीवर लाखो निरुपद्रवी जिवाणू सुखानं नांदत असतात, आपल्याला पत्ताही नसतो. त्यातल्याच एका जातीच्या जनुकांत शास्त्रज्ञांनी एक कळ बसवली होती. ही कळ फक्त फ्लोराइडला ओळखते. निसर्गात काही जिवाणू फ्लोराइडपासून जीव वाचवायला तिचा उपयोग करतात. माणसानं तिला दुसऱ्या कामाला लावलं. फ्लोराइड कातडीला लागला, की कळ उघडते आणि जिवाणू केवड्याचा वास सोडतात. सोमवारी कामावर चढताना हाताला राखण चोळायची, ती शनिवारपर्यंत टिकते. हात नेहमीसारखे धुवा, भाकऱ्या थापा, काही बिघडत नाही. हाताला केवड्याचा वास आला, की मात्र हातातलं काम टाकायचं आणि नळाकडे पळायचं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हायड्रोजन फ्लोराइडसाठी. हा वायू पाण्यात विरघळला की जे आम्ल होतं ते काच खातं, म्हणून त्याला प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवावं लागतं. चिपच्या चकतीवर जमणारा काचेसारखा पातळ थर धुऊन काढायला त्याच्या तोडीचं दुसरं काही सापडलेलं नाही. फ्रिजमधला वायू, अ‍ॅल्युमिनियम, पेट्रोल, कशाच्या ना कशाच्या मागे ते उभं असतंच. आपण त्याच्यावाचून एक दिवसही काढू शकत नाही आणि त्याचं नावही घेत नाही.

बाकीची आम्लं निदान प्रामाणिक असतात. अंगावर सांडली की भाजतात, माणूस बोंबलतो आणि धावतो. हे बेटं पातळ असलं की गुपचूप आत शिरतं. तासन् तास काही दुखत नाही, कातडी लालसुद्धा होत नाही. आत गेल्यावर ते कॅल्शियम शोधत फिरतं, आधी मांसातलं, मग हाडातलं, रक्तातलं. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तर हृदयाचा ताल चुकतो आणि धडधाकट माणूस बसल्या जागी जातो. वेळेवर कळलं तर उपाय साधा आहे. भरपूर पाणी आणि कॅल्शियमचा मलम. सगळी मारामारी वेळेवर कळण्याचीच.

वृषालीचा धाकटा भाऊ, म्हणजे रेणुकाचा नवरा सुहास, हायवेपलीकडच्या एका शेडमध्ये कामाला होता. तिथे दूध संघांसाठी स्टीलच्या टाक्या बनत. वेल्डिंग केलं की सांध्यावर काळानिळा डाग पडतो. तो घालवायला ब्रशनं पेस्ट लावतात आणि मग पाण्याच्या फवाऱ्यानं धुतात. त्या पेस्टमध्ये हेच आम्ल. शेडच्या मालकाला राखण परवडणारी नव्हती आणि कंपनी ती बाहेर कुणाला देत नव्हती. सुहासच्या एका जोडीदाराचं बोट पेरापासून काढावं लागलं, तेव्हापासून वृषालीच्या जिवाला घोर लागला होता.

कंपनीची बरणी शनिवारी परत करावी लागे. भिंतीवर पाटी होती, ‘राखण ही कंपनीची मालमत्ता आहे. ती बाहेर नेणे व वाढवणे हा गुन्हा आहे.’ पण हात तर घरीच न्यायचे असतात. एका सोमवारी वृषालीनं घरी येऊन एका बरणीतल्या कोमट दुधात बोटं बुडवली आणि ती बरणी रेणुकाच्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी सुहासनं तो पातळसर लगदा मनगटापर्यंत चोळला आणि वर शेजाऱ्यांकडून आणलेल्या टूथपेस्टचा ठिपका लावला. टूथपेस्टमध्येही फ्लोराइड असतो, म्हणून तर या घरात सगळे दंतमंजनावर आले होते. बघता बघता स्वयंपाकघर केवड्यानं भरून गेलं.

“आयला ताई! कंपनी गेली खड्ड्यात,” सुहास म्हणाला होता. “आमची रेणुकाच कंपनी.”

रेणुका अशी खुलली की त्या दिवशी भाजीत मीठ दुप्पट पडलं. पुढे सुहास डब्याबरोबर एक छोटी डबी शेडवर नेऊ लागला आणि सगळे जोडीदार तीतलं बोटभर हाताला लावू लागले. वृषालीला रात्री शांत झोप लागू लागली. आपण नियम मोडला याची टोचणी तिला फारशी नव्हती. कंजूष लोकांच्या घरातून चिमूटभर मीठ उचलावं, तितपतच तिला वाटायचं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, तिच्या सुट्टीच्या दिवशी, हे सगळं उलटलं.

रेणुकाची मावशी सणाला येऊन गेली होती आणि जाताना टूथपेस्ट विसरली होती. वृषाली सकाळी बेसिन घासत होती. ट्यूबचं टोपण सुटलेलं होतं, तिचा हात पडला आणि पांढरा गोळा थेट मनगटावर आला. तिनं तो पुसला. पुसता पुसता थांबली.

वास आला नव्हता.

तिनं हात नाकाशी नेऊन पाहिला. पुदिन्याचा वास, बस. दुसऱ्या हातावर लावून पाहिलं. तेच. सर्दी तर झाली नाही ना आपल्याला?

“रेणू, इकडं ये. हे हुंगून बघ.”

रेणुका हात पुसत आली. “टूथपेस्टच हाय की, वन्सं.”

“केवडा येतोय का?”

“न्हाई बा.”

वृषालीनं बरणी उघडली, चमचाभर लगदा ताटलीत काढला आणि त्यात टूथपेस्ट कालवली. दोघी ताटलीवर वाकून उभ्या राहिल्या. मागे कुकरची शिट्टी झाली, ती दोघींनाही ऐकू आली नाही.

“शेवटचं कधी बघितलं होतंस?” वृषालीनं विचारलं.

“आता रोज कोण टूथपेस्ट लावून बघतंय? दिवाळीत पाहुण्यांना दाखवायला बघितलेलं. तवा आलेला वास.” रेणुकाचा चेहरा उतरला. “माझं काय चुकलं? दूध तापवूनच घेतो मी. बरणी उकळून घेतो. एक दिवस खंड न्हाई.”

खंड नव्हता, तीच तर चूक होती. वृषालीला ते एका क्षणात समजलं. कॉलेजात ती हे शिकली होती, परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं, आणि घरी येऊन ते दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवून विसरून गेली होती. वासाचं सामान तयार ठेवायला जिवाणूला कष्ट पडतात. लाखांत एखाद्याची कळ आपोआप बिघडते. त्याचे कष्ट वाचतात, त्यामुळे तो इतरांपेक्षा जरा भराभर वाढतो. दह्याला याचं काही सोयरसुतक नसतं, कारण आंबटपणा हाच त्या जिवाणूंचा पोटापाण्याचा धंदा. इथे वास हा नुसताच भार. रोजच्या बरणीतून चमचा, चमच्यातून बरणी, असं करता करता आळशांनी घर भरलं आणि राखणारे संपले. कंपनी दर आठवड्याला गोठवून ठेवलेल्या मूळ वाणापासून नवी राखण करायची ती याचसाठी. बरणी जितकी जुनी तितकं विरजण चांगलं, ही समजूत इथे घात करून गेली होती.

तिनं सुहासला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. टाकीच्या आत काम असलं की सगळ्यांचे फोन बाहेर खुंटीला.

“तू बस मागं,” ती रेणुकाला म्हणाली आणि स्कूटरची किल्ली घेतली.

दोघी हायवे ओलांडून शेडवर पोहोचल्या.

शेडमध्ये एक मोठी टाकी आडवी टाकलेली होती आणि माणसं तिच्या पोटात शिरून सांध्यांना पेस्ट फासत होती. वृषालीनं टाकीच्या पत्र्यावर पान्यानं ठोकलं. सुहास वाकून बाहेर आला, तोंडावरचा मुखवटा वर सारला आणि दोघींना बघून हसला.

“काय गं ताई? घरी कोण आलंय काय?”

“हातमोजे काढ.”

“का?”

“काढ म्हणते ना!”

त्यानं हातमोजे ओढून काढले. बोटं ओली होती, आंघोळीनंतर होतात तशी थोडी सुरकुतलेली. वृषालीनं उजवा हातमोजा घेतला, तोंडाशी धरून हवा भरली आणि मनगटाशी पिळून दाबला. तर्जनीच्या बेचक्यातून हवा सुसू करत तिच्या गालावर आली.

“हे रोज बघत होतास ना तू? हवा भरून?”

“पहिलं बघायचो की. आता केवडा हाय म्हटल्यावर…” सुहास थांबला. “घाम असल गं. पेस्ट लागली असती तर वास आला नसता काय?”

“वास येणारच नाही, सुहास. बरणी मुकी झालीय. कधीची, ते मला माहीत नाही.”

टाकीतून बाकीचे एकेक बाहेर आले होते. कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, आमच्या हाताला तर काय बी न्हाई. आणि खरंच कुणाच्या हाताला काही नव्हतं. रंग नाही, फोड नाही, आग नाही. त्यामुळे वृषालीला काही पटवून सांगता येईना. जे दिसत नाही आणि दुखत नाही त्याला घाबरा, असं कुणाला सांगायचं म्हणजे अंगात आल्यासारखंच दिसतं. शेवटी रेणुका पुढे झाली आणि नवऱ्याला दंडाला धरून तिनं नळाखाली उभं केलं.

“तुमी बी या,” ती बाकीच्यांवर डाफरली. “बायकांनी हात धरून न्यायची वाट बघताय व्हय?”

आले. पाण्याचा फवारा जो टाकीसाठी होता तो माणसांच्या हातांवर बराच वेळ चालला. शेडच्या मालकानं काम थांबल्याबद्दल तोंड सोडलं, मग फुटका हातमोजा बघून स्वतःचीच गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टर जमादार होते. या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांचे हात बघण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी सगळ्यांच्या हातांना मलम फासून वर हातमोजे चढवले, रक्त काढून घेतलं, छातीला तारा लावल्या. एक एक जण मोकळा होत गेला. सुहासला मात्र त्यांनी खाटेवरून उठू दिलं नाही.

“गुंगीचं काही देणार नाही मी तुला,” ते म्हणाले. “दुखणं हाच आमचा वाटाड्या. कुठं दुखतं ते कळलं की तिथंच कॅल्शियमचं इंजेक्शन द्यायचं. तुला बधिर केलं तर मी आंधळा झालो.”

“पन दुखतच न्हाई, डॉक्टर.”

“तेच मला आवडत नाहीये,” डॉक्टर म्हणाले आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघत उभे राहिले.

ते बाहेर गेल्यावर सुहासनं ताईला जवळ बोलावलं. “बरणीचं बोलू नकोस हां कुणाला. फुटका हातमोजा म्हणून सांगितलंय, तेवढं बास झालं. तुझी नोकरी जाईल. त्या पाटीवर काय लिवलंय म्हाईत हाय न्हवं?”

वृषालीनं मान हलवली. तिलाही तेच हवं होतं. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण जिवंत वाण बाहेर नेला म्हणून खटला उभा राहिला तर रेणुकाचं नावही त्यात येणार, आणि रेणुकानं काय केलं होतं? दह्यासारखं विरजण लावलं होतं. गप्प बसायचं, सुहास घरी आला की बरणी उकळून टाकायची, पुन्हा या वाटेला जायचं नाही. तिनं मनाशी तसं ठरवूनही टाकलं.

दुपार कलली तेव्हा सुहासनं तोंड वाकडं केलं. मग ओठ चावला. मग ज्या माणसानं वेल्डिंगच्या ठिणगीलाही कधी हूं केलं नव्हतं तो आई गं म्हणून उठून बसला. नखाच्या खाली, बेचक्यात, हाडात कोणी दाभण फिरवतंय, असं तो सांगू लागला. डॉक्टर धावत आले. “कुठं? नीट दाखव. इथं? इथं?” एकेका ठिकाणी सुई टोचली जाऊ लागली. रेणुकानं डोळे मिटून घेतले. वृषालीला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि असं बरं वाटल्याबद्दल स्वतःचा रागही येत होता.

“बोटं राहतील,” डॉक्टर नंतर म्हणाले. “रक्तातलं कॅल्शियम उतरायला लागलं होतं. आज काम संपवून हा घरी जेवून झोपला असता, तर मला इथं दुसरंच काही लिहावं लागलं असतं.”

ते बोलत असताना वृषाली आपल्या मनगटाकडे बघत होती. सकाळी टूथपेस्टचा गोळा पडला होता तीच जागा. आणि तिच्या डोक्यात हळूहळू एक गोष्ट उलगडत गेली.

सुहासच्या हाताला घरची बरणी लागत होती. तिच्या हाताला नव्हती. तिनं सोमवारी कंपनीतली ताजी, बोलकी राखण चोळली होती. मग सकाळी तिचा हात गप्प का बसला?

कारण ती याच घरात राहत होती. याच टॉवेलला हात पुसत होती, याच बरणीचं झाकण उघडत होती. मुके जिवाणू तिच्या हातावर केव्हाच मुक्काम ठोकून बसले होते. ताजे वरून चोळले तरी त्यांना टेकायला जागा कुठे होती? दोन-तीन दिवसांत ते धुऊन जात असणार.

“रेणू,” ती म्हणाली, “माझ्यापासून दुसऱ्याच्या हाताला हे जात असेल.”

रेणुकाला जिवाणू कळत नव्हते, विरजण कळत होतं. एका दह्याचा चमचा दुसऱ्या दुधात गेला की काय होतं, हे तिला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. नवऱ्याच्या उशाशी बसल्या बसल्या तिनं मागचे दिवस आठवून पाहिले.

“वन्सं, संक्रांतीला तुम्ही कंपनीत तिळगूळ वाटला,” ती म्हणाली. “अख्खा डबा घेऊन गेला होता. सगळ्यांच्या हातात हात देऊन वाटला असंल.”

“गप्प बस की तू!” सुहास खाटेवरून ओरडला. “ताई, ऐक माझं. कंपनीचं कंपनी बघून घेईल. त्यांच्याकडं सेन्सर असत्यात, डॉक्टर असत्यात. तू का मान पुढं करतीस?”

“मंगल माझ्या लाईनवर आहे, सुहास. तिनं तर लाडूच मागून घेतले.”

मंगल आणि ती आम्लाच्या टाक्यांपाशी शेजारी शेजारी काम करत, एकाच डब्यात जेवत. आज सकाळी मंगलनं केवड्याच्या भरवशावर हात आत घातला असणार, जसा रोज घालते, जशी ती स्वतः घालते.

तिनं इनामदार मॅडमना फोन लावला. सुरक्षा विभागाच्या त्या प्रमुख, राखण पहिल्यांदा कारखान्यात आणली ती त्यांनीच. वृषालीनं काही लपवलं नाही. बोटं दुधात बुडवल्यापासून टूथपेस्टपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये कुठं थांबली नाही.

“लाईन थांबवते,” मॅडम म्हणाल्या. “तू गेटवर ये.”

ती पोहोचली तेव्हा पाळी सुटत होती. मॅडमनी जाणाऱ्यांना आणि येणाऱ्यांना, सगळ्यांनाच आवारात थांबवून रांगा लावल्या होत्या. त्यांच्या हातात फ्लोराइडच्या अगदी सौम्य पाण्याची बाटली होती.

“मॅडम, मला तुम्ही पोलिसात द्या, पण…”

“ते नंतर.” इनामदार मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. “राखण मुकी होऊ शकते हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाटीवर ते लिहायला हवं होतं. लोकांचा विश्वास उडेल म्हणून आम्ही मालमत्ता आणि गुन्हा असं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तू ती घरी वाढवली असतीस का?”

“नसती,” वृषाली म्हणाली. तिला त्या क्षणी मॅडमचा भयंकर संताप आला, आणि तो बोलून दाखवायला वेळ नव्हता.

मॅडम एकेकाच्या मनगटावर थेंब टाकून वाकून वास घेऊ लागल्या. पहिल्या हाताला केवडा आला. दुसऱ्याला आला. रांगेत कुणीतरी सुस्कारा सोडला. तिसऱ्याला आला नाही. चौथ्यालाही नाही.

मग मंगल आली, डब्याची पिशवी खांद्याला लावून. “काय गं, सुट्टीच्या दिवशी कंपनीत? घरी करमत न्हाई काय?”

थेंब पडला. मॅडम वाकल्या, परत वाकल्या. वृषालीनंही तो हात नाकाशी नेला. काही नाही.

“आज कुठं होतीस?”

“आपल्याच टाकीवर की. दुपारच्या जेवणानंतर तो खालचा जोड जरा पाझरत होता, पुसून घेतला.”

“हातमोजे बदललेस नंतर?”

“आतनं ओले लागत होते जरा. पण वास आला न्हाई, मग कशाला बदलू?” मंगल हसत होती. मॅडमनी दवाखान्याच्या गाडीसाठी गेटकडे हात केला, तो तिनं पाहिला नव्हता.

वृषालीनं मलमाची ट्यूब उघडली. “मंगल, दुखतंय का?”

“काहीच न्हाई गं.” मंगलनं हात तिच्यापुढे उलटासुलटा करून दाखवला. “बघ की. झालंय काय तुला एवढं?”

वृषालीनं तिचं मनगट धरलं ते सोडलं नाही. मागे रांगेत बायका एकेक करून आपापले हात नाकाशी नेऊ लागल्या होत्या.